चुकलेले गोल कोणाचे

मी एक कातडी फुटबॉल आहे. जन्म भोसरीचा, मुक्काम चिंचवडचा. या दोन गावांतले अंतर अवघे काही मैलांचे. पण ते ओलांडताना माझ्या आयुष्याची जी उलथापालथ झाली, ती सांगितल्यावाचून आज मला मैदानात उतरवत नाही. सामन्याचा दुसरा अर्धा सुरू व्हायला अजून थोडा अवकाश आहे. पंच चुन्याच्या रेघा तपासत आहेत. तेवढ्यात माझे म्हणणे आटोपतो.

मनुष्यस्वभावाच्या अभ्यासाला माझ्याइतकी सोयीची जागा दुसऱ्या कुणाला लाभली असेल असे वाटत नाही. बावीस माणसे माझ्यामागे धावतात. मी जवळ आलो की मला दूर लोटतात, आणि दूर गेलो की पुन्हा माझ्यासाठी जीव टाकतात. असा विसंगत व्यवहार वर्षानुवर्षे अंगावर झेलणाऱ्याला चिंतनाची सवय लागते. माझ्या चिंतनाचा विषय मात्र एकच राहिला : माणसांना परका पैलवान चालतो, परकी सून चालते, मग विकत आणलेला खेळाडू का चालत नाही?

मला घडवले दत्तोबांनी. खडकीला लष्कराच्या खोगीरखान्यात त्यांनी वीस वर्षे खोगिरे शिवली होती. गोरे सोजीर गेले, घोडे कमी झाले, आणि दत्तोबा आरी, मेण आणि दोरा घेऊन गावी परतले. येताना त्यांनी आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे फुटबॉलचा नाद. सोजिरांचा खेळ त्यांनी कुंपणाबाहेरून इतकी वर्षे पाहिला होता की नियम त्यांना पाठ झाले होते. भोसरीच्या तरुणांना त्यांनी ते शिकवले आणि पन्नास सालच्या हिवाळ्यात त्यांच्यासाठी मला शिवले.

बैलाचे कातडे एका पट्टीपुरते कमी पडले, म्हणून तेथे म्हशीचे लावले. म्हशीचे कातडे जाड. परिणामी जोराचा फटका बसला की मी सरळ न जाता हलकेच डावीकडे झुकतो. दत्तोबांना हे पहिल्याच दिवशी कळले. ते म्हणाले, "चालतंय. मानूस तरी कुठं सरळ जातंय."

आमचे मैदान म्हणजे आबाजींचे पडीक रान. आबाजी गावातले जुने, मानाचे शेतकरी. रान रिकामे होते तोवर त्यांची हरकत नव्हती. त्याच रानात मालोजी माझ्या आयुष्यात आला. अंगाने काटक, पायाने दणकट, आणि नेमबाजीच्या बाबतीत अत्यंत उदार. गोल सोडून तो मला सर्वत्र पाठवी. मी विहिरीत पडलो, बाभळीत अडकलो, आणि चार वेळा सोजराबाईंच्या शेंगांच्या पाटीत उतरलो.

सोजराबाई मैदानाच्या कडेला उकडलेल्या शेंगा विकत. खेळ त्यांना कुणी शिकवला नव्हता. पण सहा वर्षांत त्यांनी एकही सामना चुकवला नव्हता. पाटी उलटली की त्या मला उचलून लुगड्याला पुसत आणि मैदानात परत फेकता फेकता म्हणत, "मालोज्या, गोल तिकडं हाय रं. हितं माझं दुकान हाय."

लोक हसत. मालोजीही हसे आणि पुन्हा मारी. अशी दोन वर्षे गेली. मग हळूहळू त्याच्या पायाला माझे वळण उमगले. गोलाच्या उजव्या खांबाच्या हातभर बाहेर नेम धरायचा. मी वाटेत डावीकडे झुकतो आणि खांबाच्या आतून अलगद जाळीत शिरतो. ही विद्या त्याला कुणी दिली नाही. ती त्याने शेकडो चुकांमधून वेचून काढली, आणि त्या शेकडो चुकांच्या वेळी मला बाभळीतून, विहिरीतून काढून आणणारे हात गावाचे होते.

मालोजी गोल करू लागला आणि भोसरीचा संघ दरसालच्या ढालीच्या सामन्यांत शेवटच्या फेरीपर्यंत पोचू लागला. पोचे आणि हरे. तीन वर्षे ओळीने असे झाल्यावर आबाजींचा धीर संपला. त्यांच्याकडे आता रानासाठी मागणी आली होती. चिंचवडच्या तेलगिरणीचे मालक नानासाहेब यांना तेथे गुदाम बांधायचे होते.

आबाजींनी संघाला बोलावून सांगितले, "औंदा ढाल गावात आणा, रान तुमचं. मी जिता हाय तवर कुनी इचारनार न्हाई. न्हाई आणली, तर गुदाम हुईल. मग तिथं लाथा मारायच्या तर पोत्यांना मारा."

गोलाच्या खांबांत उभा राहणारा सोनबा हा संघाचा म्होरक्या. तो गावच्या वतीने म्हणाला, "आणतो." या एका शब्दावर रान टांगले गेले.

आता नानासाहेबांविषयी. ते वाईट गृहस्थ होते असे मी म्हणणार नाही. त्यांनी देवळाला घंटा दिली होती, शाळेला पत्रे दिले होते. केवळ एकच खोड त्यांना होती : जे चांगले दिसेल ते आपले असावे. फुटबॉल लोकांना आवडतो असे दिसल्यावर त्यांनी संघ काढला. खेळाडू तयार करण्यात वर्षे जातात, हे त्यांना अव्यवहारी वाटले. त्यांनी पुण्याच्या लष्करातले दोघे आणले, लोणावळ्याच्या रेल्वेतला एक, सोलापूरच्या गिरणीतले तिघे. ज्याने कुठे गोल केला असे ऐकले, त्याला नोकरी दिली. भोसरीचे लोक या संघाला 'तयार कपड्यांचे दुकान' म्हणत. "मापाला बसत्यात," सोनबा म्हणे, "पर घडी मोडली की शिवन उसवती."

पंचावन्नच्या दिवाळीनंतर मालोजी दत्तोबांच्या दारात येऊन उभा राहिला. मी खुंटीवर होतो. तो आत येईना.

"नानासाहेबांनी बोलावलंय," तो म्हणाला. "गिरनीत कायमची नोकरी हाय. आईच्यानं आता लोकांच्या रानात खुरपनं व्हत न्हाई."

दत्तोबा दोऱ्याला मेण लावत होते. "मग जा की. खेळावर काय चूल पेटती व्हय?"

"तुमाला राग आला."

"आला. पर तुझा न्हाई. तू हितं सा वर्सं घडलास, आन त्यो उद्या लोकांला सांगनार, ह्यो म्या आनला."

मालोजीने मला खुंटीवरून काढले, अंगठ्याने दाबून हवा पाहिली आणि परत अडकवले. मग तो गेला.

गावात मोठी खळबळ उडाली. मी पारावरची चर्चा ऐकत होतो, आणि माझ्यातला अभ्यासक गोंधळून गेला होता. जत्रेतल्या कुस्त्यांना दुरून दुरून पैलवान येतात, इनाम घेऊन जातात. त्यांच्यावर कुणी रुसत नाही. तमाशाचा फड सुपारी देऊन आणला जातो आणि त्याच्या नावाने फेटे उडतात. तेव्हा पैशाविषयी तक्रार नसावी. गावातली प्रत्येक सून परगावची आणि दोन वर्षांत ती पक्की भोसरीकर होते. तेव्हा उपरेपणाविषयीही नसावी. मग हा राग कशाचा?

याचे उत्तर सोजराबाईंनी दिले. पारावर कुणीतरी म्हणाले, "जाऊ द्या वो, ज्याच्यापाशी हाय त्यो घेनारच."

त्या शेंगा मोजता मोजता म्हणाल्या, "घ्यावं की. पर त्यानं मालोजीचं लागल्यालं गोल घेतलं. चुकल्यालं कुनी घ्यायचं? माझ्या पाटीत चार येळा चेंडू पडला, त्यो हिशेब कुनाकडं गेला? चुकल्यालं समदं आमच्याकडं ऱ्हायलं आन लागल्यालं त्याच्या दारात."

मला एकदम उजेड पडल्यासारखे झाले. पैलवान स्वतःच्या नावाने लढतो. तो हरला तर गाव हरत नाही. संघ मात्र गावाच्या नावाने खेळतो, आणि गावाचा त्यातला हक्क विजयातून येत नाही, आधीच्या पराभवांतून येतो. जो चुका सोसतो त्याचा खेळाडू. नानासाहेबांनी झाड विकत घेतले नव्हते. पिकलेला आंबा तेवढा घेतला होता. पाणी घालणारे बघत राहिले.

छप्पन्नच्या माघात शेवटचा सामना ठरला, आणि तो आमच्याच रानात. भोसरी विरुद्ध नानासाहेबांचा संघ. ढालीच्या सामन्यांचा रिवाज असा की दोन्ही संघांनी आपापला चेंडू आणायचा; अर्धा खेळ एकाच्या चेंडूने, अर्धा दुसऱ्याच्या. नाणेफेक जिंकणाऱ्याने क्रम ठरवायचा. सोनबाने नाणेफेक जिंकली आणि छाती काढून सांगितले, "शेवटचा हात आपल्या चेंडूचा."

गावाने टाळ्या वाजवल्या. मला मात्र घाम फुटायचा बाकी होता. आपला चेंडू म्हणजे आपले दैव, या भक्तीत साऱ्या गावाला एका गोष्टीचा विसर पडला होता : माझे वळण ज्याच्या पायात मुरले होते, तो आता पलीकडच्या बाजूला उभा होता. मला बोलता येत असते तर मी सोनबाच्या कानात सांगितले असते. पण चेंडूचे मत घेण्याची पद्धत नाही.

पहिला अर्धा खेळ विलायती चेंडूने झाला. तो पेटीतून आला होता, मी गोणपाटातून. साहजिकच आमची बोलचाल झाली नाही. तो अगदी सरळ जाई. मालोजीने त्याला सवयीने उजव्या खांबाबाहेर नेम धरून तीनदा मारले आणि तिन्ही वेळा तो सरळ बाहेर गेला. नानासाहेबांच्या इतर खेळाडूंची निराळीच अडचण होती. आपापल्या गावी त्यांना सगळ्यांनी चेंडू आणून दिलेला. दुसऱ्याला द्यायची वेळच कधी आली नव्हती. सगळे नवरदेव, वऱ्हाडी कुणीच नाही. या गोंधळात भोसरीच्या कुणाच्या तरी गुडघ्याला लागून गोल झाला. कुणाचा गुडघा, यावर अजून वाद आहे.

मध्यंतराला भोसरी एक गोलाने पुढे होती. आबाजी बांधावर बसले होते. ते म्हणाले, "गुदामवाल्याला नकाराचा निरोप धाडावा म्हनतो." नानासाहेबांचे कामगार अर्ध्या दिवसाच्या सुटीवर लॉऱ्या भरून आणलेले होते. मुकादम हात वर करी तेव्हा ते टाळ्या वाजवत. मुकादम विडी ओढत असला की शांत बसत.

मग मला मैदानात ठेवण्यात आले.

मालोजीचा पाय मला लागला आणि मी तो ओळखला. माणसाने अंधारातही आपल्या घराची पायरी ओळखावी तसे. त्याने उजव्या खांबाबाहेर नेम धरला. मी न वळण्याचा निश्चय केला होता, हे मी शपथेवर सांगतो. परंतु म्हशीचे कातडे निश्चयाला जुमानत नाही. मी झुकलो, खांबाच्या आतून गेलो आणि जाळीत पडलो. सोनबाला माझे वळण ठाऊक होते. पण सरावातसुद्धा मालोजीचे दहांतले दोनच फटके त्याच्या हाती लागत.

यानंतर जे घडले, ते माझ्या साऱ्या अभ्यासाचे सार आहे. गोल होताच भोसरीचे पब्लिक उसळून उठले. "वा रं आपला वाघ," सोजराबाई दोन्ही हात वर करून ओरडल्या. फेटे उडाले. मालोजीही सहा वर्षांच्या सवयीने हात उंचावून त्यांच्याच दिशेने धावत सुटला. चुन्याच्या रेघेपाशी आल्यावर त्याच्या अंगातला सदरा कोणाचा आहे हे एकाच वेळी त्याला आणि त्यांना आठवले. तो जागच्या जागी थांबला. वर गेलेले हात कसे खाली आणावेत हे कुणालाच कळेना. एकाने उडवलेला फेटा खाली आला, तो त्याने मुकाट्याने डोक्याला गुंडाळला.

आबाजी एवढेच म्हणाले, "आरं, टाळ्या कशाच्या वाजवताय? रान चाललंय."

दुसरा गोलही तसाच झाला. या वेळी कुणी उठले नाही आणि मालोजी धावला नाही. भोसरी एका विरुद्ध दोन गोलांनी हरली.

ढाल नानासाहेबांच्या हाती आली. मुकादमाचा हात वर गेला, टाळ्या झाल्या, हात खाली आला, टाळ्या थांबल्या. नानासाहेब दत्तोबांजवळ आले. ते खरोखर खिन्न दिसत होते.

"दत्तोबा, आम्ही नियमाने जिंकलो ना?"

"व्हय साहेब. येकदम नियमानं."

"मग लोक असे का पाहतात? मालोजी हरायचा तेव्हा त्याला डोक्यावर घेत होते. आज जिंकला, तर कुणी पाणी विचारलं नाही."

दत्तोबा म्हणाले, "साहेब, तुमी पुढल्या साली हरून बघा. दोन-तीन वर्सं वळीनं हरा. मग कुनीतरी इचारंल."

नानासाहेबांना हा सल्ला गिरणीच्या धोरणाशी जुळणारा वाटला नाही. पण ते निरीक्षक उत्तम. मालोजी विलायती चेंडूने तीनदा चुकला आणि गावच्या चेंडूने दोनदा त्याचा नेम लागला, हे त्यांनी टिपले होते. चांगले दिसेल ते आपले असावे, या स्वभावाला अनुसरून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा माणूस आबाजींच्या ओट्यावर हजर झाला.

बबनराव त्याचे नाव. गिरणीची कामे नसतील तेव्हा तो चाकणच्या बाजारात बैलांची दलाली करी. त्याने मला उचलले, दाबले, फिरवून चारी अंगांनी पाहिले आणि माझ्या तोंडाची चामडी वादी सैल करून आत डोकावला. त्या दाराने दात दिसतात की काय, अशी त्याची कल्पना असावी. मग आबाजींच्या हातावर उपरणे टाकून तो त्याखाली भावाची बोटे चाचपू लागला.

"आरं बबन," आबाजी म्हणाले, "ह्यो बैल न्हाई. तोंडानं बोल."

बबनराव ओशाळला. "सवय हाय मालक. साहेबांचं म्हननं असं, की ह्यो चेंडू आमाला द्या. रान मग आमाला नगं. गुदाम दुसरीकडं बांधू. तुमचा शबूद तुमच्याकडं, रान पोरांकडं."

ओट्यावर सोनबा होता, सोजराबाई होत्या, दत्तोबा होते. आबाजींनी हात झटकले. "ढाल आली न्हाई म्हंजे रान माज्या हातातनं सुटलंय. ज्याला द्यायचं त्योच नगं म्हनत असंल, तर माजी ना न्हाई. चेंडू तुमचा. ठरवा."

सोनबा तडकला. "चेंडू इकायचा? मग त्यांच्यात आन आपल्यात फरक काय ऱ्हायला? काल मालोजी, आज ह्यो. उद्या मला न्या, गोलाचे खांब न्या."

"तुला कोन नेतंय," सोजराबाई म्हणाल्या. "दोन गोल खाऊन बसलाय." पण त्यांचाही आवाज नेहमीसारखा नव्हता.

सगळे दत्तोबांकडे पाहू लागले. त्यांनी मला मांडीवर घेतले. म्हशीच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. मी श्वास रोखून धरला होता. अर्थात चेंडूला तेवढेच येते.

"चेंडू म्या शिवला," ते म्हणाले. "दुसरा शिवीन. रान काय मला शिवता येत न्हाई."

एवढ्यावर सौदा झाला. बबनराव मला घ्यायला पुढे आला, तेव्हा दत्तोबांनी हात आडवा केला. आमच्याकडे बैल विकला तरी त्याच्या गळ्यातले दावे विकत नाहीत. ते विकणाऱ्याच्या गोठ्यात राहते, म्हणजे लक्ष्मी उठून जात नाही. दत्तोबांनी माझी वादी भोकाभोकातून ओढून काढली, गुंडाळली आणि कनवटीला लावली. बबनराव बाजारातला माणूस. त्याला हा रिवाज ठाऊक होता. मी उघड्या छातीने, आतला रबरी ब्लॅडर बाहेर डोकावत, लॉरीत बसून चिंचवडला गेलो.

तेथे मला नवी वादी मिळाली, तेल मिळाले, ढालीशेजारी काचेच्या कपाटात जागा मिळाली. तक्रार करावी असे काही नव्हते. पहिल्या सरावाला मला बाहेर काढले तेव्हा मालोजी समोर होता. त्याने मला दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिले.

"आलास व्हय तूबी?" तो म्हणाला.

दिवाळीपासून मी त्याच्यावर रागावलो होतो. त्या दिवसापासून ते मला जमेनासे झाले. तो आईसाठी आला होता, मी रानासाठी. लोकांचा राग खोटा नव्हता आणि आमचे जाणेही खोटे नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मान्य करायला माझ्यासारख्या गोल बुद्धीच्या प्राण्याला एक वर्ष लागले.

आज सत्तावन्नचा माघ आहे. त्याच रानात, त्याच दोन संघांचा सामना आहे. गुदाम झाले नाही. बांधावर आबाजी बसले आहेत. दत्तोबांनी शिवलेल्या नव्या चेंडूने पहिला अर्धा खेळ झाला. तो कोणत्या बाजूला झुकतो हे भोसरीने कुणालाही सांगितलेले नाही आणि बरोबरी झाली आहे. आता माझी पाळी. मला मध्यावर ठेवले आहे आणि भोसरीच्या कडेने माझ्या नावाने लाखोली सुरू होण्याची चिन्हे आहेत. सोजराबाई शेजारणीला सांगताहेत, "त्यो बग, त्यो काळ्या पट्टीचा. आमचं खाऊन तिकडं गेलाय मेला. तेल लावलंय बग कसं."

मंडळी, तुमच्याजवळ माझे एकच मागणे आहे. मला परत न्या असे मी म्हणत नाही. सौदा तो सौदा. पण या शिव्या थांबवू नका. पलीकडे लॉऱ्यांतून आलेली माणसे मुकादमाच्या हाताकडे पाहत बसली आहेत. हात वर झाला की टाळ्या पडतील. शिवी मात्र खुणेवर देता येत नाही. त्यासाठी माणूस आपलाच असावा लागतो. तेव्हा मी सोनबाच्या डावीकडून आत शिरलो तर मला मनमुराद झोडा, बाहेर गेलो तर फितुराला अक्कल आली म्हणा, पण गप्प बसू नका.

पंचांनी शिट्टी तोंडाला लावली आहे. सोजराबाई, तुम्ही सुरुवात करा.